गळ्यापर्यंत पेट्रोल

मिस्त्रींचं नाक पेट्रोलला कधीच मेलं होतं. सगळा जन्म लोकांच्या गाड्यांखाली पाठ टेकून काढल्यावर ते उरलं होतं ते फक्त चेहऱ्याची शोभा म्हणून. वास ओळखण्याचं खातं घरात बायकोकडे होतं. संध्याकाळी ते दारात आले की ती त्यांचा हात नाकाशी नेऊन निकाल द्यायची. आज डिझेल. आज ब्रेक ऑइल. पेट्रोल असलं की वर एक शेरा असायचा, "मिस्त्री, आधी हात धुवा, मग संसार करा."

आता ती आजारी होती. औषधांनी तिचे केस नेले होते, भूक नेली होती. मागणं एकच उरलं होतं, ताईकडे एकदा जाऊन यायचं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच हिला वाढवलं होतं, आणि आता गुडघ्यांनी तिलाच घरात डांबून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, जायचं तर लवकर जा. डॉक्टरांनी 'लवकर' म्हटल्यावर 'म्हणजे कधी' असं विचारायचं नसतं, एवढी अक्कल मिस्त्रींना होती.

त्यांनी टाकी भरून आणली, बायकोला मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलं आणि निघाले. पहिल्या वळणाला ती म्हणाली, पेट्रोलचा वास येतोय. दुसऱ्या वळणाला तिला उलटी झाली. तिसरं वळण आलंच नाही. गाडी घरी परतली.

मग मिस्त्री स्वतःच्याच गाडीचं गिऱ्हाईक झाले. मागची सीट उचलली, पाइपांवरून बोट फिरवलं, टाकीच्या झाकणाचं रबर बदललं. सगळं कोरडं ठणठणीत. नाकाची उसनवारी करावी म्हणून शेजाऱ्याला बोलावलं, तर त्याला बारा महिने सर्दी. गाडीत डोकं घालून बराच वेळ हुंगून तो म्हणाला, अत्तर छान आहे. गाडीत अत्तर नव्हतं.

शेवटी ते बायकोच्या उशाशी बसले आणि डॉक्टरांसारखं विचारू लागले. कधीपासून येतो? रोज येतो का? भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "टाकी भरून आणता तेव्हाच येतो. दोन-तीन दिवसांनी जातो." मग म्हणाली, "अजून गळ्यापर्यंतच भरता ना?"

पंपावरच्या नळीचा खटका पडला की थांबायचं, हे मिस्त्री आल्यागेल्या गिऱ्हाइकाला बजावत असत. टाकीतली वाफ जिरवायला गाडीत कोळशाचा एक डबा असतो. त्याच्यासाठी टाकीत वर मोकळी जागा लागते. ती भरून टाकली तर पेट्रोलच डब्यात शिरतं, कोळसा भिजतो आणि वाफ बाहेर पडते. हे सगळं ज्ञान दुसऱ्यांसाठी होतं. स्वतः मात्र ते खटका पडल्यावर गाडी बाजूनं धरून हलवायचे, आतली हवा काढायचे आणि आणखी ओतायला लावायचे.

त्याला कारण होतं. लग्न नवं असताना ताईकडे जातानाच पेट्रोल संपलं होतं, आणि नव्या नवरीनं नव्या चपला हातात घेऊन गाडी ढकलली होती. ही गोष्ट तिनं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, एकदा तर अंत्ययात्रेहून परतताना सांगितली होती. तेव्हापासून मिस्त्रींची टाकी गळ्याखाली कधी भरली गेली नाही.

त्यांनी डबा काढला. हलका असायला हवा तो भिजल्या विटेसारखा जड लागला. तिरका केला तर पेट्रोल ठिबकलं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यांनी मालकाचे पूर्वज काढले असते. इथं पूर्वज स्वतःचेच निघाले असते, म्हणून ते मुकाट्यानं नवा डबा आणायला गेले.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी पंपावर पहिल्या खटक्याला नळी काढायला सांगितलं. पंपवाल्यानं विचारलं, बरं नाही का? नळी निघताना थोडं पेट्रोल त्यांच्या हातावर सांडलं. घाईत त्यांनी ते पँटला पुसलं.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसरं आलं तेव्हा त्यांनी आरशात बघत विचारलं, वास येतोय का? तिनं मान हलवली. नाही. मिस्त्रींनी उगाच एक हॉर्न वाजवला.

पुढे तो जुना चढ आला. ती म्हणाली, थांबवा जरा. चपला हातात घेतल्या होत्या ती जागा. ते मागे जाऊन तिला पाणी पाजू लागले. पाणी पिऊन झाल्यावर तिनं सवयीनं त्यांचा हात ओढला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच धरून ठेवला.

"धुतलेत वाटतं हात," ती म्हणाली. "कसलाच वास नाही."

मिस्त्रींनी पँटवरच्या डागाकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "साबणानं धुतले."

"मी मरायला टेकल्यावर शहाणे झालात," ती म्हणाली आणि हात न सोडता डोळे मिटून हसली.

दुरुस्ती जमली की नाही, हे सांगणारं नाक आता घरात उरलं नव्हतं. तिची बोटं सुटेपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले. मग पुढे येऊन त्यांनी गाडी चालू केली. पेट्रोल भरपूर होतं. ताईचं घर तसं जवळ आलं होतं, आणि मिस्त्री गाडी फार हळू चालवत होते.