कॅप्टनच्या घरात गाणं नव्हतं

कीर्तनात येणारं रडू खोटं नसतं, असं माझं आयुष्यभराचं मत आहे. मी पेटीवर बसतो. समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या की मला पट्ट्या दिसेनाशा होतात आणि बोटं आपली आपण चालतात. दानीएल मास्तरांच्या मागं बसून मी कैक वर्षं असा रडलो आहे आणि देवाचे आभार मानत घरी गेलो आहे. मास्तरांच्या वडलांपासून त्यांच्या घरात कीर्तन. वडील म्हणायचे, "चाल पदरची घालावी, आसू पदरचे घालू नयेत." म्हणजे गोष्टीत जो रडला नाही, त्याला कीर्तनात रडवायचं नाही.

आमची वाडी जामखेडच्या अलीकडं, कोरड्या रानात. यंदा आमच्या चर्चला सव्वाशे वर्षं झाली. ज्या मिशनरी साहेबांनी ते बांधलं त्यांची नात, रूथबाई, अमेरिकेहून यायची होती. तेव्हा कमिटीनं ठरवलं, साहेबांच्या घराण्यावर मास्तरांचं कीर्तन ठेवायचं.

बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, पायात साधी चप्पल. मास्तरांच्या ओट्यावर मांडी घालून बसायचा त्यांचा हट्ट, आणि मांडी काही जमेना. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवलेलं, म्हणून दुभाषा मी.

मास्तरांनी विचारलं, "तुमच्या आजोबांच्या आधी घराण्यात कोन भक्त झालं? आख्यानाला मूळपुरुष लागतो बाई."

"मूळपुरुष आहे," रूथबाई म्हणाल्या. "भक्त नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. हायरम नावाचा शेतकरी. अमेरिकेत नदीकाठच्या सरहद्दीवर राहणारा. गोऱ्यांनी तिथं मूळच्या लोकांच्या जमिनीत शिरून घरं बांधलेली. सरकारी फौज लांब, म्हणून गावकऱ्यांनीच बंदुका घेऊन फौज उभी करायची आणि आपल्यातलाच एक कॅप्टन नेमायचा, अशी रीत. एका हल्ल्यात हायरमची बायको आणि तान्हं लेकरू मारलं गेलं. गावानं त्यालाच कॅप्टन केलं. हल्ला करणारे काही हाती लागले नाहीत. हाती लागली ती दुसरीच माणसं. त्याच मूळच्या लोकांतली, पण बाप्तिस्मा घेतलेली, हत्यार सोडलेली. भीतीनं गाव सोडून गेली होती, आणि उपाशी मरायची वेळ आली म्हणून आपल्या रानातला मका काढायला परत आली होती. कॅप्टन त्यांना म्हणाला, तुम्हाला सुरक्षित जागी नेतो, कुऱ्हाडी इकडं द्या. त्यांनी दिल्या. मग त्यानं त्यांना त्यांच्याच प्रार्थनेच्या खोपटात कोंडलं आणि उद्या मरायचंय म्हणून कळवलं. ती माणसं उजाडेपर्यंत गात राहिली.

"आणि उजाडल्यावर?" मी विचारलं.

"एकालाही जिवंत ठेवलं नाही."

दयावहिनी, मास्तरांची बायको, चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. "पोरं पन?"

मी विचारलं. बाईंनी होय म्हणून मान हलवली.

"मंग त्याला काय झालं? कायतरी झालं आसंल की."

"काही झालं नाही. दुसरं लग्न केलं, मार्था नावाच्या बाईशी. घरभर मुलं झाली. मॅजिस्ट्रेट झाला, चर्चचा वडील, म्हणजे पंच, झाला. म्हातारपणी जेवता जेवता गेला. फक्त घरात कुणाला गाऊ द्यायचा नाही. मार्थानं पाळण्यापाशी अंगाई धरली की ताटावरून उठायचा. पुढं आमच्यात गाण्याची रीतच राहिली नाही, आणि का नाही ते कुणी विचारलं नाही. माझे आजोबा पहिल्यांदा गायले ते तुमच्या गावात. मराठीत."

"अन् पश्चात्ताप?" मास्तरांनी विचारलं.

"मी खूप शोधला. मिळाला नाही."

मास्तरांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. मग मला म्हणाले, "गानं सोसवत नव्हतं त्याला. पन कान दुखनं म्हंजी पश्चात्ताप न्हवं, सर."

ही गोष्ट आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ऐकली आणि त्यांच्या मनात एक कल्पना आली. ती समजायला आमच्या वाटेचं सांगावं लागेल.

आमची दफनभूमी गावातल्या वाल्मिकच्या रानापलीकडं आहे. बांधावरून जुनी वाट. तीन वर्षांपूर्वी वाल्मिकनं तिथं काटेरी तार घालून वाट बंद केली. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, जस्टिन, तार काढा म्हणून सांगायला गेला. वाल्मिक आणि आणखी दोघांनी त्याला ट्रॅक्टरच्या लोखंडी दांडक्यानं मारलं. नगरला नेईपर्यंत जीव राहिला नाही. केस उभी राहिली, साक्षीदार फिरले, सगळे सुटले. तार तशीच. तेव्हापासून आमचं मढं ओढ्याच्या अंगानं, दगडधोंड्यांतून फिरून जातं. जस्टिनलाही त्याच वाटेनं नेला.

पाळकसाहेब मास्तरांकडं आले ते आबासाहेबांना घेऊनच. आबासाहेब म्हणजे गावचे जुने पुढारी, वाल्मिकच्या बाजूचे. माणूस गोड बोलणारा.

"मास्तर, तुमचा त्यो अमेरिकेचा कॅप्टन एकदा रडवा की," आबासाहेब म्हणाले. "आमचा वाल्मिक पुढं बसंल. कॅप्टननं माफी मागितली, देवानं दिली, तुमी एक हार वाल्मिकच्या गळ्यात घातला, का मिटलं. सोमवारी तार निघती का न्हाई बघा."

"वाल्मिक काय बोलंल?"

"त्यो कशाला बोलंल? तुमचा कॅप्टन बोलंल की!"

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, "मास्तर, क्षमा हा आपला धर्म आहे. म्हातारी माणसं ओढ्यात घसरतात. समाजाकडं बघा."

"कॅप्टन रडला न्हाई, साहेब."

"अहो, अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस. कुणी बघितलंय?"

"तेच म्हनतोय मी," मास्तर म्हणाले. "कुनी बघितलं न्हाई."

ते दोघं गेल्यावर दयावहिनी बाहेर आली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बसा सर. तुमच्यासमोरच बोलते." आणि मास्तरांकडं वळली. "गा तुमी. काय म्हनत्यात ते गा."

"दया, खोटं हाय ते."

"आसू द्या खोटं. गुडघे गेले माझे. नाताळापासून पोराच्या मातीवर गेले न्हाई मी. तुमी जाता, येता, अन् म्हनता गवत वाढलंय. वाट उघडली तर रोज जाईन. तुमचं खरं काय चाटायचंय मला?"

मास्तर उठून आत गेले. तिचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही.

रविवारी संध्याकाळी चर्च भरलं. पुढच्या सतरंजीवर रूथबाई, आबासाहेब आणि वाल्मिक. वाल्मिकची आई, बनुबाई, बायांच्या बाजूला कोपऱ्यात भिंतीला टेकलेली. पाळकसाहेबांनी दोन हार ताटात तयार ठेवलेले. मास्तर फेटा बांधून उभे राहिले. मागं झांजा घेऊन दयावहिनी, तबल्यावर वाडीतली एंजल, पेटीवर मी.

पूर्वरंगात मास्तरांनी क्षमेवर निरूपण केलं, आणि असं गोड केलं की पाळकसाहेब मान डोलवायला लागले. मग आख्यान. मास्तर हायरम झाले. जळकं घर, दारात पडलेली बायको, हातात गार पडलेलं लेकरू. कीर्तनकाराला सगळ्यांचं तोंड व्हावं लागतं, आणि मास्तरांनी त्या माणसाच्या दुःखात काडीचीही कसर ठेवली नाही. बाया रडल्या. बनुबाई रडल्या. मागं झांज जरा चुकली, मग सावरली. वाल्मिक मोबाईल बघत होता, पण त्यानंही तो खाली ठेवला.

मग खोपट आलं. मास्तरांनी तिथं एक पद घातलं, साध्या चालीचं, "उजाडू दे रे देवा, आम्ही जागे आहो," आणि ध्रुपद सगळ्या चर्चला म्हणायला लावलं. सगळे म्हणायला लागले. छपराला आवाज भिडला. मला वाटलं, काय भाग्य आपलं.

मास्तरांनी हात वर केला. "उजाडलं. म्हातारी मानसं, तुमी थांबा."

म्हातारे थांबले. गाणं चालूच.

"बाप्यांनी थांबा."

आवाज एकदम बारीक झाला.

"बायांनी थांबा."

आता नुसती पोरं गात होती. त्यांना वाटलं खेळ आहे, ती जोरात गायला लागली. मास्तर एकेका पोरासमोर जाऊन बोट ओठावर ठेवत गेले. शेवटी एक फ्रॉकवाली पोर राहिली. ती एकटीच म्हणत होती, आजूबाजूला बघत बघत. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले, पण बोट काही त्यांच्यानं उचलवलं नाही. पोर आपण होऊनच गप्प झाली.

मग कॅप्टनचं पुढचं आयुष्य. जमीन, मान, मार्था, मुलं. मार्था पाळणा हलवते, अंगाई धरते, आणि कॅप्टन ताटावरून उठतो. मास्तर जेवायला बसल्यासारखे बसले, उठले, चार पावलं भिंतीकडं गेले आणि सगळ्यांकडं पाठ करून उभे राहिले. पाळकसाहेबांनी हारांचं ताट जवळ ओढलं. रडायची जागा हीच होती. मी भैरवीचा सूर धरला.

"सर, पेटी मिटा," मास्तर पाठमोरेच म्हणाले.

मी मिटली.

ते वळले. "कॅप्टन म्हातारा झाला आणि जेवता जेवता गेला. त्यानं माफी मागितली का? मला कुनी सांगितलं न्हाई. मी त्याच्या तोंडात घालनार न्हाई. देव देतो. मागनाऱ्याला देतो. अन् आपल्याकडं कुनी मागितली, तर मी न्हाई म्हननार न्हाई. हितंच उभा हाय मी. पन मागायला तोंड ज्याचं त्यानं उघडावं लागतं."

वाल्मिककडं त्यांनी बघितलंही नाही. सगळं चर्च मात्र त्याच्याकडं बघत होतं. रूथबाईंना शब्द कळले नव्हते, पण त्याही बघत होत्या.

वाल्मिकनं मान खाली घातली. क्षणभर मला वाटलं, देव पावला. पण तो मोबाईल उचलत होता.

"झालं का मास्तर?" तो उभा राहत म्हणाला. "लई लांबला तुमचा कॅप्टन."

त्याच्या मागोमाग आबासाहेब उठले. जाता जाता पाळकसाहेबांना हळूच म्हणाले, "तार ऱ्हातीय मंग."

पाळकसाहेबांनी कशीबशी समाप्तीची प्रार्थना केली. हार ताटातच राहिले. लोक बाहेर पडले. काही आमचीच माणसं मास्तरांना टाळून गेली. एक जण म्हणाला, "स्वतःपुरतं बघितलं त्यांनी." मास्तरांनी ऐकलं, फेटा सोडला आणि घडी घालत बसले. रूथबाई त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी म्हणाल्या. मी भाषांतर केलं नाही, मास्तरांनी विचारलंही नाही.

दयावहिनी सतरंज्या गुंडाळत होती. कोपऱ्यातल्या सतरंजीशी पोचली तर तिथं बनुबाई बसलेल्याच.

"घरी जा आता बनुबाई," वहिनी म्हणाली. "वाल्मिक वाट बघत आसंल."

"कुनाची? माझी?" बनुबाई म्हणाल्या. "त्यो जेवून आडवा झाला आसंल." मग वहिनीकडं न बघता बोलायला लागल्या. "मला वाटायचं, कदी तरी दचकून उठंल. कदी वराडंल. बाजंला बाज लावून झोपते मी, तीन वर्सं झाली. कान देऊन आसते. त्याला झोप लागती, दया. गाढ लागती. मला सोसत न्हाई ते."

मला वाटलं, आता दयावहिनी त्यांच्याशेजारी खाली बसेल. मी मनातल्या मनात तशी प्रार्थनाही केली.

"उठा," ती म्हणाली. "सतरंजी काढायचीय."

हात मात्र तिनं पुढं केला नाही. बनुबाई भिंतीला धरून उठल्या.