बेंजो थांबला तेव्हा

घाटकोपरच्या शाळेच्या मैदानात बेंजो पार्ट्या आणि बँडचा महोत्सव होता. सकाळपासून एकामागून एक पार्टी वाजवत होती. सुगंधा मात्र वाट बघत होती ती फक्त अंधेरीच्या पार्टीची. मुलुंडहून निघताना तिने सुती पातळाचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता, आणि तो सरकला की जया, तिची मुलगी, न बोलता पुन्हा पुढे ओढत होती.

"आये, दादाला वाजवून होऊ दे. मग आपण मागे जाऊन भेटू," जया म्हणाली.

"तेच करायचंय गो. समोर नको उभं राहूया."

सुगंधाच्या थोरल्या मुलाला, विद्याधरला, घर सोडून दोन वर्षं होत आली होती. गिरणी संपाच्या आठव्या महिन्यात तो पोलीस बंदोबस्तात कामावर गेला. त्याच गिरणीत वीस वर्षं साच्यांवर कापड विणलेला त्याचा बाप, दत्ताराम, तेव्हा संपावर, घराच्या दारात बसलेला होता. घरात पेज शिजत होती तीही शेजाऱ्यांच्या तांदळाची. संध्याकाळी विद्याधर परत आला तर दत्तारामने त्याची ट्रंक जिन्यात काढून ठेवलेली. "संप फोडणारा माझ्या घरात नको," एवढंच बोलला. पुढे ती गिरणी कायमची बंद पडली. बापाची नोकरी गेली, मुलाचीही गेली, पण बोलणं काही सुरू झालं नाही.

बेंजो विद्याधरला दत्तारामनेच शिकवला होता. चाळीच्या गणपतीत बाप-लेक शेजारी बसून वाजवायचे. विद्याधर घरातून गेला आणि दत्तारामने आपला बेंजो फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

गेल्या पावसाळ्यात दत्तारामला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी त्याने सुगंधाला जवळ बोलावलं. "त्याला कळवू नको. माझ्या मयताला तो नको." सुगंधाने मान हलवली. मरणाऱ्या माणसाला काय नाही म्हणायचं? धाकटे दीर लवू यांनी अग्नी दिला. चाळीतल्या माणसांनीही विद्याधरचं नाव काढलं नाही. मुलाला कळवलं नाही, हे तेव्हापासून तिच्या मनातून जात नव्हतं. अंधेरीच्या पार्टीत विद्याधर वाजवतो हे जयाच्या मैत्रिणीने सांगितलं, आणि महोत्सवाची पाटी लागली तशी सुगंधा म्हणाली, "आपण जाऊया."

दुपारी खारदांड्याच्या कोळ्यांचा ब्रास बँड आला. तरण्या पोरांनी गाल फुगवून असे कर्णे फुंकले की मागच्या बाया उठून नाचायला लागल्या. जयाचा पाय ठेका धरू लागला. आईकडे लक्ष गेलं तसा तिने तो आवरला.

"हलव गो पाय," सुगंधा म्हणाली. "तुला काय झालंय?"

जयाचा पाय मात्र तसाच राहिला.

ऊन कलल्यावर अंधेरीच्या पार्टीचं नाव पुकारलं. लाल कोट, पांढरी विजार. विद्याधर मधोमध, पुढ्यात स्टँडवर बेंजो. वाळला होता. मिशी ठेवली होती, आणि त्या मिशीमुळे तो थेट बापासारखा दिसत होता. सुगंधा एका खांबाआड झाली.

पहिली दोन गाणी सिनेमाची झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग ढोल संथ झाला आणि बेंजोवर तिसरी चाल सुरू झाली. सुगंधाने ती लगेच ओळखली. दत्तारामने गावच्या शिमग्यासाठी स्वतः बसवलेली चाल ती. गाव आणि चाळ सोडून कुठे कोणी वाजवलेली तिने कधी ऐकली नव्हती.

ती खांबाआडून पुढे आली. आपण पुढे येतोय हे तिला कळलंही नाही. जयाने हात धरला तोवर उशीर झाला होता. पदर खांद्यावर पडला होता.

विद्याधरने वर पाहिलं. आई दिसली तसा त्याचा चेहरा खुलला. मग त्याची नजर तिच्या कपाळावर गेली, तिथून गळ्यावर, मग हातांवर. त्याची बोटं बटणांवर तशीच राहिली. बेंजो थांबला. ढोल-ताशे काही वेळ चालीशिवायच वाजत राहिले, मग तेही एकेक करून बंद झाले. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "लाईट गेली काय रे?"

मंडपामागे तो तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा पार्टीचा मालक लांबून त्याला शिव्या घालत होता. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"कधी?"

"पावसाळ्यात. कावीळ झाली."

"अग्नी कोणी दिला?"

"लवूभावोजींनी."

"मी अंधेरीत होतो, आये. अंधेरी काय परदेशात आहे?"

"त्यांनी नको म्हणून सांगितलेलं."

"आणि तू ऐकलंस."

जया रडत होती. विद्याधर वळला आणि शाळेच्या नळाकडे गेला. कोटासकट नळाखाली बसला आणि डोक्यावरून पाणी घेत राहिला. मरणाची बातमी उशिरा कळली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची असते, हे त्याला बापानेच कधीतरी सांगितलं असणार. पाणी प्यायला आलेली पोरं बाजूला होऊन बघत राहिली.

तो उठून आला तेव्हा कोटाचा लाल रंग विजारीवर उतरला होता. सुगंधाने पदराने त्याचं डोकं पुसायला हात वर केला. त्याने पुसू दिलं.

"वर्षश्राद्धाला ये," ती म्हणाली. "तू घाल."

"कोण म्हणून येऊ? अग्नी काकांनी दिला, पुढचंही तेच करू देत."

"विद्या, मी बोलावतेय तुला."

"तेव्हा बोलवायचं होतंस," तो हळू आवाजात म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच सुगंधाला सोसेना.

मालकाने पुन्हा हाक मारली. टेंपो भरत होता. विद्याधरने जयाच्या डोक्यावर ओला हात ठेवला, खाली वाकून आईच्या पायांना स्पर्श केला आणि टेंपोत ढोलांच्या मधे जाऊन बसला. त्याने मागे पाहिलं नाही. फाटकाबाहेर गाडी वळली तेव्हा मैदानात विक्रोळीची पार्टी सुरू झाली होती.

"घरी जाऊया ना, आये?" जयाने विचारलं.

सुगंधा नळाजवळच्या पायरीवर बसली. "थांब जरा," ती म्हणाली, आणि दिवेलागण होईपर्यंत तिथेच बसून राहिली.