पिवळी गेरवाली, लाल बिनगेरची

माझ्या पोराला, अश्वजितला, एक वाईट खोड आहे. दुसऱ्याच्या ताटातल्या भाजीत हा मीठ घालणार, अन् वरून सांगणार की आता कशी चव आली. गाडी घ्यायची होती माझ्या सुनेला, खुशबूला. हौस तिची, पगार तिचा. अन् नागपुरावरून फोन कोणाचा? याचा.

"आई, ठरलं. लाल ऑटोमॅटिक घेऊन राहिलो मी."

"मी?" म्हटलं. "तू कोन होय रे घेनारा? तुयी बायको घेऊन राहिली न?"

"तिच्याच भल्यासाठी सांगून राहिलो. तिले त्या पिवळ्या गेरवालीचं खूळ लागलं. स्पोर्ट्स कार आहे ते, आई, काळीपिवळी जीप नाही. तिच्यानं सांभाळनं होनार नाही."

"दे तिले फोन."

खुशबू आली. धान कापून झालं का, गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. गाडीचं मी विचारलं तर म्हणे, "तुमी म्हनान तसं, आई."

हे ऐकून मला जास्तच राग आला. ही पोरगी अशी गुळमुळीत बोलणारी नाही. लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हा हिनं माझ्या तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या ट्रॅक्टरचा क्लच घासला आहे. अन् तो घासलेलाच होता. हिचा बाप इश्वर पवनी-अड्याळ सवारीची काळीपिवळी जीप चालवायचा, त्याच्याच जीपवर ही शिकली. त्या दिवसापासून मी हिला मानते, पण तिला तसं सांगत नाही. सुनेला सगळंच सांगायचं नसतं.

ट्रॅक्टर आमच्या घरी मी चालवते. चिखलणी असो, नाहीतर ट्रॉलीभर पोती राईस मिलला न्यायची असोत, आसगावात माझ्या ट्रॅक्टरला कोणी आडवं येत नाही. अश्वजित सातवीपासून नागपुरात होस्टेलला राहिला. शिकला, नोकरीला लागला, मग त्यानं गाडी घेतली. घरी येतो तर गाडी अशी ऐटीत आणतो की कोंबड्याही बाजूला होऊन पाहतात.

"रविवारी मले घ्याले या," मी दोघांनाही सांगितलं. "दोनी गाड्यांत बसतो मी. मंग सांगतो कोनती घ्यायची."

अश्वजित खूश झाला. आई आपलीच, असा त्याचा हिशेब.

*

रविवारी निघालो. अश्वजित चालवत होता, मी बाजूला, खुशबू मागे. पवनीच्या रोडला लागल्यापासून ह्याचं तोंड बंद नाही.

"पाय आई, ऑटोमॅटिकमंदी क्लच नाही, काही नाही. दोनच पायडल. गेर गाडी सोताच बदलवते, मानसाच्या हातापेक्षा जल्दी. अन् मनात आलं तर स्टेअरिंगच्या मागं दोन पत्त्या रायतात, बोटानं दाबल्या की गेर पडला. आता शर्यतीच्या गाड्याही तशाच येते."

"खरं हाय का वं?" मी मागे पाहून विचारलं.

"खरं आहे, आई," खुशबू म्हणाली. "ऑटोमॅटिक जास्तच पळते."

"मंग तुले ते पिवळी कायले पायजे?"

ती दोन सीटांच्या मधून पुढे सरकली. मग म्हणाली, "गेरवालीत गाडी आपल्याले विचारते, आई. इंजिनचा आवाज चढतो, आता काय करू म्हनते. मंग आपन सांगतो. लालवालीत ते कोनाले विचारत नाही."

"घ्या!" अश्वजित हसला. "गाडी विचारते म्हने. आई, हिले तपासून आनू का भंडाऱ्याच्या दवाखान्यात?"

मी हसले नाही. माझा ट्रॅक्टर मला रोज विचारतो.

शहापूरला हायवेच्या कडेला भुपेंद्रचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. जीपा, टेम्पो, एक रुग्णवाहिका, अन् त्या सगळ्या धुळीत दोन गाड्या अशा चमकत होत्या जशा दोन नवऱ्या वरातीतून चुकून इथे उतरल्या. एक लाल, एक पिवळी. एकाच घडणीच्या. माझ्या कमरेएवढ्या उंच. अन् सीटा दोनच!

"जय भीम, मावशी," भुपेंद्र आला. "दिल्लीवरून आनल्या. एकाच घरच्या, एक मालकाची, एक त्याच्या भावाची."

"मागं बसायची जागा कुठं हाय रे?"

"नाही न, मावशी. एक जन चालवनार, एक जन बसनार. असलीच रायते स्पोर्ट्स कार."

"एवढ्या पैशात अर्धीच गाडी देऊन राहिला तू?"

भुपेंद्र पोट धरून हसला. अश्वजित मात्र हसला नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिले लाल. आत बसणं म्हणजे एक कामच होतं. लुगडं आवरलं, आधी बूड टाकलं, मग एक-एक पाय आत ओढला. पंगतीत बसल्यासारखी मी जमिनीला टेकले. पट्टा बांधला. अश्वजितनं हायवेवर गाडी घेतली, रस्ता मोकळा पाहिला अन् पाय दाबला.

अगं माय!

माझी पाठ सीटला अशी चिकटली की जशी कोणी पिठाच्या खळीनं लावून ठेवली. मी मोठ्यानं हसत सुटले. झाडं दिसेनात, नुसती हिरवी पट्टी धावत होती. गाडीला धक्का नाही, हिसका नाही, लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. खोटं कायले बोलू? असं सुख मला ट्रॅक्टरनं कधी दिलं नाही.

"कशी आहे, आई?"

"बोलू नको! आनखी दाब!"

परत आलो तेव्हा माझे केस सुटले होते अन् मी लाल गाडीवर पुरी भाळले होते. अश्वजितनं ते ओळखलं. "झालं तर," तो म्हणाला, "भुपेंद्रभाऊ, कागद काढा."

"कागद गेले तिकडं," म्हटलं. "खुशबूनं चालवली कुठं अजून?"

खुशबू लालमध्ये बसली. आता, अश्वजितची घरची गाडी बिनगेरचीच आहे, पण तो ती हिला देतच नाही. ही नागपुरात स्कूटीवर ऑफिसला जाते. निघाली चांगली, वेगही चांगला घेतला. पुढे एक म्हैस रस्त्यात आली. हिनं जन्मभराच्या सवयीनं डावा पाय उचलला अन् क्लच समजून जोरात दाबला. तिथं क्लच कुठला! तो रुंद ब्रेक होता. गाडी जागेवर खिळली. पट्टा नसता तर मी काच फोडून म्हशीच्या गळ्यात पडले असते. म्हैस उभी राहून आमच्याकडे पाहत होती.

"आई! लागलं काय तुमाले?"

"लागलं नाही. पन ते म्हैस घाबरली नाही, याचा राग आला."

दोघी इतक्या हसलो की मागची ट्रकवाली मंडळी हॉर्न मारून थकली. पण आवारात येऊन हिनं भोळेपणानं सांगून टाकलं, अन् अश्वजितला तेच पाहिजे होतं.

"पायलं, आई? हिले दोन पायडल सांभाळता येत नाही, अन् हे तीन मागून राहिली!"

खुशबू खाली पाहून पिवळीची चावी घ्यायला गेली.

*

पिवळीचं इंजिन सुरू झालं तेव्हाच मला कळलं की ही वेगळी जात आहे. लाल गुरगुरत होती, ही खाकरली. खुशबूनं डावा पाय दाबला, दांडी पुढे लोटली, अन् आम्ही निघालो. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक गेरला गाडी श्वास घेतल्यासारखी थांबायची अन् मग झेप टाकायची.

पुढे धानाच्या पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर लागला, ट्रॉली डोलत होती. समोरून रस्ता मोकळा. इंजिनचा आवाज खाली पडला तशी माझ्या मनात आलं, आता एक गेर खाली. अन् त्याच घडीला खुशबूचा हात दांडीवर गेला. माझा डावा पाय माझ्या नकळत खाली गाडीच्या पत्र्यावर दाबला गेला होता! तिनं ते पाहिलं.

"आई, तुमीही?"

"बोलू नको, पुढं पाय! ओढ आता, ओढ!"

तिनं ओढली. गाडीनं अशी किंकाळी मारली की माझ्या अंगावर काटा आला. ट्रॅक्टर मागे पडला, ट्रॉली मागे पडली, त्यावर बसलेली माणसं टाळ्या वाजवून राहिली होती. मग पुढचा गेर, मग त्याच्या पुढचा, अन् दर वेळी माझा पाय तिच्या पायाबरोबर. लाल गाडीत मी बसले होते. या गाडीत मी बसूनच चालवत होते. खुशबूचं तोंड पाहिलं. लग्नातही एवढं उजळलं नव्हतं.

परत आलो. ती उतरली तर तिचं हसू थांबत नव्हतं. तेवढ्यात तिनं अश्वजितकडे पाहिलं. हसू कुठं गेलं, कोणास ठाऊक.

मी म्हटलं, "चाल अश्वजित, आता तू बस. पिवळी चालव, मी बाजूले बसतो. दोघायनंही दोनी गाड्या चालवल्या की हिशेब बरोबर होते."

"राहू दे न, आई. मले मालूम आहे कशी आहे ते."

"चालवल्याबगर मालूम झाली?"

"माया बूट जाड आहे. पायडल छोटे आहे."

"काढ बूट."

"ऊन किती आहे पाय. तुले चक्कर येईन."

"मले चक्कर यायची असती तं म्हशीजवळच आली असती. बस."

अन् मध्येच खुशबू बोलली, घाईघाईनं, "आई, राहू द्या. उशीर होऊन राहिला. लालच घेऊ आपन. लालच बरी."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. आता आता जिच्या तोंडावरून आनंद सांडत होता, ती लाल बरी म्हणते? मग मी माझ्या पोराकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बस," मी पुन्हा म्हटलं. आता हळू आवाजात.

तो बसला. बूट घालूनच बसला. चावी फिरवली, दांडी कुठंतरी ढकलली, पाय सोडला. गाडी बेडकासारखी उडाली अन् मेली. पुन्हा चावी. पुन्हा बेडूक. चहाच्या टपरीवरून दोन-चार जण उठून उभे राहिले. तिसऱ्या वेळी गाडी गचके देत भुपेंद्रच्या रुग्णवाहिकेच्या दिशेनं निघाली, भुपेंद्र "अरे अरे" करत आडवा आला, अन् ती तिथंच बंद पडली.

काचा वर होत्या. आत आम्ही दोघंच.

"मले येत नाही, आई," अश्वजित म्हणाला. स्टेअरिंगकडेच पाहत होता. "मी ऑटोमॅटिकवरच शिकलो. गेरची कधी चालवलीच नाही."

"खुशबूले मालूम हाय?"

"लग्नाच्या आधीपासून. कोनाले सांगितलं नाही तिनं. तुलेही नाही."

"अन् तू तिले म्हनतो, तुह्यानं सांभाळनं होनार नाही?"

त्यानं चावी काढून मुठीत धरली. मग एकदम बोलला, लहान असताना बोलायचा तसा, "दोनच सीटा आहेत, आई. पिवळी घेतली की दर वेळी खुशबूच चालवनार. आसगावात शिरताना, पानठेल्यासमोरून, सगळ्यायच्या समोर ते चालवनार अन् मी बाजूले बसनार. लोक काय म्हनतीन? ट्रॅक्टरवालीचा पोरगा, अन् याले गेर टाकता येत नाही."

बाहेर खुशबू गाडीजवळ येऊन उभी होती, ओठ चावत. टपरीवरच्या लोकांकडे पाठ करून अशी उभी होती की त्यांना आत काही दिसू नये. आपली गाडी हातची जात होती अन् ही नवऱ्याची अब्रू झाकत होती. माझ्या पोराला हे दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

मी दार उघडलं. आधी पाय बाहेर काढले, मग भुपेंद्रचा हात धरून उठले. पदर नीट केला. टपरीवरची मंडळीही ऐकायच्या तयारीत होती, तर म्हटलं ऐका. पण नजर मी अश्वजितवरच ठेवली.

"उतर खाली," म्हटलं. "अन् ऐक. पिवळी घ्यायची. गेरवाली. चावी खुशबूच्या हातात दे, तुया हातानं दे. ते चालवन, तू बाजूले बस. मी बसून आली तिथं, राजाची जागा हाय. लोकायचं म्हनशीन, तं एवढी गाडी समोरून गेल्यावर तुह्या तोंडाकडं पायाले कोनाजवळ टाईम हाय? अन् शिकायचंच असन तं घरात शिकवनाऱ्या दोघी हाय, आवाज दे. आता ते तोंड सरळ कर, बावा. गाडी घेऊन राहिलो आपन, कोनी मेलं नाही."