दोन मुसळांचं उखळ

नागम्माने बाहुल्याच्या काखेत हात घालून त्याला मोटारसायकलवरून खाली ओढलं, आणि त्याला कमरेखाली काहीच नाही हे बघून ती दोन पावलं मागं सरली.

"अगं बया! पाय कुठंयत ह्याचे?"

"सरकारनं सध्या वरचाच पाठवलाय," गाडी स्टँडवर लावत वीरप्पा म्हणाला. "खालचा पुढच्या बजेटात."

अंगणातल्या बाया खळखळून हसल्या. बेंबळीच्या ह्या बचत गटाचं येसूर कांडणं चालू होतं. यंत्रावरच्यापेक्षा हातानं कांडलेल्या मसाल्याला शहरात गिऱ्हाईक जास्त, म्हणून दगडी उखळाभोवती दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनं मुसळ मारत होत्या. प्रशिक्षणाच्या बैठकीसाठी काम थांबणार नाही, काय शिकवायचं ते अंगणात येऊन शिकवा, असं नागम्माने फोनवरच बजावलं होतं.

वीरप्पाच्या मागून उतरलेल्या बसवेशने बाहुला उचलून गोणपाटावर निजवला. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते शिकवायचं होतं. तो डॉक्टर नव्हता, रुग्णवाहिकेवरचा पॅरामेडिक होता. पण त्या गाडीतून उतरणाऱ्याला लोक डॉक्टरच म्हणतात. महिनाभर तो गावोगाव हेच शिकवत फिरत होता, आणि महिनाभरात त्याने बाहुल्याच्या छातीला एकदाही हात लावला नव्हता. तोंडानं सांगायचा, हवेत दाखवायचा. सोमवारी परत गाडीवर जायचं होतं. हात चालले तर. नाहीतर राजीनामा. हे फक्त वीरप्पाला, त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला माहीत होतं. बसवेशचं मनगट मुरगळलंय, अशी थाप साहेबांना त्यानेच मारली होती.

फेब्रुवारीत भूमच्या बाजारात एक कापडवाला कोसळला होता. दवाखाना येईपर्यंत अडतीस मिनिटं बसवेशने एकट्यानं छाती दाबली. गाडीत शेजारीच तीन धडधाकट नातेवाईक बसलेले. "कुणीतरी हात लावा!" तो ओरडत होता. एक रडत होता, एक फोनवर पुढारी शोधत होता, तिसरा व्हिडिओ काढत होता. शेवटी बसवेशचे दंड लाकूड झाले आणि हात निघाले. व्हिडिओत नेमकं तेवढंच आलं. 'ह्यानं हात काढला आणि माणूस गेला' असं लिहून हरामखोरांनी ते जिल्हाभर फिरवलं. पुढच्या पेशंटपाशी बसवेशचे हात उठलेच नाहीत. वीरप्पा गाडी थांबवून मागं धावला म्हणून तो पेशंट वाचला.

ऑफिसातून सांत्वन म्हणून एक फॉर्म आला. झोप लागते का? होय किंवा नाही. बसवेशने 'होय'वर खूण केली. 'नाही' म्हणणाऱ्याला आणखी एक फॉर्म मिळतो.

"तळहात इथं, मधोमध," तो बाहुल्यापासून वीतभर लांब बोट धरून म्हणाला. "टक असा आवाज आला पाहिजे. तेवढं खोल."

गटातली सगळ्यात तरुण शिवलीला पुढं झाली. आवाज आला नाही.

"अगं, हळद लावायलीस का त्याला?" मुसळ न थांबवता सत्तरीची मथुराबाई ओरडली. "डॉक्टर, तुमीच दावा की एकदा."

"मनगट मुरगळलंय मावशी."

"त्याच मनगटानं ह्या जावयाला आत्ता उचलून ठेवलास की रं."

बाया हसल्या. बसवेश हसला नाही. वीरप्पा उगाच मोटारसायकलचं चाक दाबून बघायला लागला.

मथुराबाईने मुसळ दुसरीच्या हातात दिलं आणि बाहुल्याशेजारी गुडघे टेकले. टक. टक. टक. पहिल्याच फटक्याला.

"त्या मोबाईलातल्या फिलिममधला तूच न्हवं?" दाबता दाबताच तिने विचारलं.

"व्हय."

"किती वेळ केलतास?"

"अडतीस मिनिटं."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"मग चुकलासच तू."

"मावशी, काय बोलायल्या तुमी!" वीरप्पा ताडकन वळला.

"खरं तेच बोलायलेय. एकट्यानं एवढं कांडतंय का कोण? चार पायल्या येसुराला आमी सहा बाया लागताव. एकीचा दंड भरला की दुसरी धरती. उखळाला कळतबी न्हाय बाई बदललेली. आन् ते फिलिम काढणारे मुडदे बसून बघायले हुते, त्यांच्या..."

पुढचं ऐकून नागम्माने तोंडात पदर कोंबला.

"शिवलीला, धर."

एक टक आणि दुसरा टक यांच्यामध्ये हात बदलले. ठोका चुकला नाही. मग नागम्मा आली. बसवेश मनात मोजत होता. मिनिटाला एकशे दहा. बदली करताना चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ठोका चुकतो, हे त्याने स्वतःच्या प्रशिक्षणात बघितलं होतं. ह्या बाया चुकतच नव्हत्या. कशा करतात ते जवळून बघायला तो खाली बसला.

"घे," शेजारी कोण आहे हे न बघताच नागम्मा म्हणाली.

त्याचे हात छातीवर गेले.

टक. गाडीची पत्र्याची भिंत डोळ्यांपुढं आली. टक. तो उभा धरलेला मोबाईल. टक. टक. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यंदा मिरचीत बिया फार निघाल्या, यावर बायांचं बोलणं सुरू झालं होतं. त्याचे दंड भरून आले. तो दाबत राहिला.

"सोड आता," मथुराबाई म्हणाली.

त्याने सोडलं नाही.

"अरं सोड की. माझा नंबर हाय."

घाम हनुवटीवरून बाहुल्यावर टपकत होता. हात निघेनात. मथुराबाईने मसाल्यानं लाल झालेले आपले हात त्याच्या हाताला लावून धरले आणि ती थांबली. घाई केली नाही.

त्याने हात काढले.

टक.

गुडघ्यांवर मोकळे हात ठेवून तो बघत राहिला. टक. टक. टक.

"मामा," तो वीरप्पाला म्हणाला, "सोमवारपासनं गाडीत जो नातेवाईक चढंल त्याला पहिलं गुडघ्यावर बसवायचं. मोबाईल खिशात."

"आन् न्हाय ऐकलं तर?"

"तुमी करकचून ब्रेक मारा. आपोआप गुडघ्यावर येतील."

वीरप्पा एवढ्या जोरात हसला की कोंबड्या उडाल्या.

"डॉक्टर, बसलात काय निवांत?" नागम्मा खेकसली. "शिवलीलाच्या मागं नंबर लावा."

बसवेश गुडघ्यांवरच सरकत रांगेच्या शेवटाला गेला.