खुर्ची पुढे ओढताना

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. माझ्यासारख्या खुर्च्या आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, आणि ते फार बरे झाले. स्वतःबद्दल असे कोण बोलते, असे तुम्हाला वाटेल. पण माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही हेच म्हणाल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, त्यांना भोके पाडली, वर निळा रंग चढवला. माझी घडी घालून मला भिंतीला टेकवता येत असे. अशा खुर्चीच्या बैठकीखाली दोन नळ्या कात्रीसारख्या एकमेकींजवळ येतात. त्या अचानक मिटू नयेत म्हणून मजबूत खटका लागतो, आणि मिटल्याच तरी मध्ये बोट चिरडू नये म्हणून जाड रबराचा तुकडा लागतो. माझा खटका पातळ पत्र्याचा होता. रबर तर बसवलेच नव्हते. त्याच्यावाचून काम लवकर उरकते, असे कुणीतरी ठरवले असावे. मला त्यातले काही कळत नव्हते. मी चकचकीत होते आणि खुशीत होते.

जहाजातून मी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकन बंदरात आले. तिथल्या एका दुकानातून नेवेन्काने मला आपल्या आईसाठी विकत घेतले. आईचे नाव यादरांका. पण धक्क्यावरचे सगळे तिला यादा मावशी म्हणत. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर क्रोएशियातून इथे आली होती. नवरा गेल्यावरही तिने आपले काम सोडले नाही. टूना माशांच्या बोटींची फाटलेली जाळी ती सांधून देत असे, तीही माशांच्या उपड्या खोक्यावर बसून.

"आई, आता तरी ते खोकं सोड. कंबर धरेल एक दिवस," नेवेन्का म्हणाली.

"खोक्याला पाठ नसते म्हणून तर मी जागी राहते," मावशी म्हणाली. "या खुर्चीत बसले की घोरायलाच लागेन."

पण ती बसली, आणि मग उठायचे नावच घेईना.

ते दिवस माझे फार सुखाचे होते. धक्क्यावरच्या तिच्या शेडच्या दाराशी मी उभी असे. समोर बोटी डुलत, समुद्रपक्षी खाली पडलेल्या सार्डिन माशांवर भांडत. मावशी छोट्या भांड्यात काळी कडक कॉफी उकळी आणि पेला माझ्या पायाशी ठेवून कामाला लागे. तिच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे जाळ्याच्या घरांतून अशी फिरत की पाहणाऱ्याची नजर मागे पडावी. गाठ सैल आहे की घट्ट, हे ती न पाहता सांगे. तिचा भाचा फ्रानो एका बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख होता. मावशीने हात फिरवल्याशिवाय तो जाळे बोटीवर चढवत नसे.

"काय मावशी, सिंहासन मिळालं तुला!" तो चिडवायचा.

"मग मुजरा कर की, मेल्या," मावशी म्हणायची.

आणि मग ती दुपार आली. शार्कने फाडलेले एक मोठे जाळे फ्रानोने शेडमध्ये आणून टाकले होते. "मावशी, हे बघ, इथपासून गेलंय," असे म्हणत त्याने फाटलेला भाग पसरून धरला. मावशीला नीट दिसेना. तिने दोन्ही हातांनी माझ्या बैठकीच्या कडा धरल्या आणि बसल्या बसल्या मला पुढे ओढले. खुर्ची पुढे ओढताना कोण असे करत नाही? तेवढ्यात माझा खटका निसटला, आणि मी मिटले.

मित्रांनो, पुढचे मी सविस्तर सांगत नाही. मावशी किंचाळली नाही. ती फक्त "आई गं" म्हणाली, ते शब्द माझ्या लोखंडात अजून आहेत. इस्पितळातून ती परत आली तेव्हा त्याच दोन बोटांची टोके नव्हती.

लोक विचारत तेव्हा ती मान खाली घालून सांगे, "माझंच चुकलं. म्हातारीला साधं खुर्चीत बसता येत नाही." हात ती एप्रनच्या खिशात लपवू लागली. जाळ्याची सुई हातात धरली की दोनदा गळून पडे, आणि मग ती तिसऱ्यांदा उचलत नसे. फ्रानोची जाळी दुसऱ्या गावी जाऊ लागली. ज्या बाईने आयुष्यभर कुणाकडे हात पसरला नव्हता, ती आता किराणा आणतानाही लेकीचा चेहरा बघू लागली.

एके दिवशी रागाने फ्रानोने मला उचलले आणि धक्क्याच्या टोकाशी नेले. मला पाण्यात भिरकावणार, इतक्यात नेवेन्काने माझा पाय धरला.

"टाकू नकोस!"

"मग काय हिची पूजा करू?"

"अरे, ही बुडाली तर उद्या बनवणारे म्हणतील, असं काही घडलंच नाही. राहू दे."

तिने मला जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवले. तो अंधार फार वाईट होता. कापडापलीकडून मला मावशीचा आवाज ऐकू येई. ती पूर्वी काम करताना गुणगुणायची, ते मात्र थांबले होते.

नेवेन्काने खुर्ची बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस गोड बोलला. खुर्ची चुकीच्या पद्धतीने हाताळली गेली असणार, असे म्हणाला. तरीही बाईंच्या वयाचा मान राखून आम्ही त्यांना एक नवी खुर्ची पाठवतो, असेही म्हणाला.

आणि खरेच पाठवली! माझीच सख्खी बहीण, तशीच निळी. मावशी तिच्याकडे बघून दोन पावले मागे सरली. नेवेन्का मात्र स्वयंपाकघरात गेली आणि एक गाजर घेऊन आली. जिथे आईची बोटे होती तिथे तिने ते अडकवले, बैठकीवर आपले वजन टाकले आणि खुर्ची पुढे ओढली. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी कट्‌ असा आवाज झाला आणि गाजराचा तुकडा घरंगळत मावशीच्या पायाशी आला.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे... माझी चूक नव्हती?"

"नव्हती, आई. कधीच नव्हती."

मावशी खाली बसली, जमिनीवरच, आणि पदरात तोंड खुपसावे तशी एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. पण ते रडणे वेगळे होते. उरावरचा धोंडा उतरल्यावर माणूस रडतो, तसे. डोळे पुसून ती म्हणाली, "चल, वकील कुठे मिळतो ते बघू."

वकील मिळाली ती ब्रॉनविन पास्को नावाची. तिने पहिल्या भेटीतच विचारले, "खुर्ची फेकली नाहीत ना?" नेवेन्काने मला कापडातून बाहेर काढले तेव्हा ब्रॉनविन हसली. इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून कुणी हसले नव्हते.

तिने कंपनीवर दावा लावला. पुढे बरेच महिने गेले. शेवटी ॲडलेड शहरात दोन्ही बाजूंची तडजोडीची बैठक ठरली. मला मधोमध मांडून ठेवले होते. कंपनीकडून हॅलोरन नावाचे साहेब आले होते. ते म्हणाले, "गाजर म्हणजे बोट नव्हे. नीट वापरली तर खुर्ची अगदी सुरक्षित आहे. हे बघा, मी स्वतः बसतो." आणि ते ऐटीत माझ्यावर बसले.

मावशी टेबलाच्या पलीकडे होती. बोटींच्या इंजिनांनी तिचे कान कधीच अधू केले होते. ती पुढे वाकून म्हणाली, "साहेब, मला ऐकू येत नाही हो. जरा खुर्ची पुढे ओढून बसता का?"

साहेबांचे हात सवयीने खाली आले. त्यांची बोटे माझ्या नळीला लागली, आणि विस्तवाला लागावीत तशी झटकन मागे गेली. साहेब उठले, त्यांनी मला पाठीकडून धरले, जपून पुढे सरकवले आणि पुन्हा बसले. हात त्यांनी मांडीवर ठेवले.



"हात का काढून घेतलात?" ब्रॉनविनने हळूच विचारले.

"सवय आहे."

"कसली?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला. तो पुसत ते म्हणाले, "आमच्याकडे कामावर सगळ्यांना सांगितलेलं आहे. तिथे धरायचं नाही म्हणून."

मावशीने टेबलावर आपला उजवा हात ठेवला. लपवला नाही.

"मग मला का नाही सांगितलंत, बाळा?"

संध्याकाळपर्यंत कंपनीने सगळे मान्य केले. मावशीच्या बोटांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, बुडालेल्या कमाईची भरपाई मिळाली, आणि दुकानांतून माझ्या सगळ्या बहिणी परत मागवल्या गेल्या. किती जणांची बोटे वाचली असतील, या विचाराने मला अजून हलके वाटते.

माझे काम संपले होते. मला भंगारात घालायला न्यावे, असे कुणीतरी सुचवले.

"ती माझी खुर्ची आहे," मावशी म्हणाली. "तिला ज्यांनी अर्धवट बनवलं त्यांनी पैसे भरले. तिच्यावर कशाला राग?"

फ्रानोने माझे सगळे सांधे झाळून पक्के केले. आता माझी घडी होत नाही. मावशी नव्या पद्धतीने, अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटाने सुई धरते. काम सावकाश होते, पण गाठी घट्ट बसतात.

मित्रांनो, एखाद्या वस्तूने तुम्हाला इजा केली तर लाजून गप्प बसू नका. ती वस्तू जपून ठेवा, मोठ्यांना दाखवा, आणि बनवणाऱ्याला जाब विचारा. वस्तूला तोंड नसते. तिच्या वतीने तुम्हालाच बोलावे लागते.

आता पुरे करते. मावशी कॉफीचा पेला घेऊन येते आहे, आणि आज ती गुणगुणते आहे.