शेवटी सांगायचं नाव

त्या दिवसांत तबकडीवर गाणं संपलं की गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, अशी रीत होती. मेणाच्या ताटल्या पेट्यांत भरून आगगाडीनं कुठल्या कुठं कारखान्यात जायच्या. तिथल्या माणसाला ना मराठी कळायची, ना कानडी. शेवटी जे नाव कानावर पडेल ते तो तबकडीच्या कागदावर छापून मोकळा व्हायचा. गुलबर्ग्याच्या बंगल्यात तबकडी कंपनीच्या साहेबाच्या मुनशीनं हे रत्नम्माला पुन्हापुन्हा समजावलं. ती मान डोलवत राहिली. आपलं नाव काय पाठ करावं लागतं?

खरं तर त्या नावासाठीच ती आली होती.

रत्नम्मा निर्ण्याच्या सिद्धलिंगप्पाची लेक. घरी शेतीवाडी, गळ्यात लिंग, आणि आई गंगव्वा मराठीत ओवी तर कानडीत वचन म्हणणारी. नवरा वारल्यावर रत्नम्मा माहेरी आली आणि पुढं अंकुशराव भालकीकरांच्या नाटक मंडळीत गेली. त्या दिवशी बापानं मेल्या माणसाचं घ्यावं तसं अंगावर पाणी घेतलं आणि सांगून टाकलं, हे नाव या उंबऱ्याच्या आत कुणी काढायचं नाही. बाप गेला, पण शब्द मागं राहिला. निर्ण्याचं कुणी जत्रेला निघालं की गंगव्वा विचारायची, "ती बरी हाय का?" नाव नाही. नुसतं ती.

आता निर्ण्याच्या पाटलानं फोनो आणला होता. तबकडी तिथं वाजली की हे नाव चावडीपुढं मोठ्यानं ऐकू येणार होतं. माणसाचं तोंड धरता येतं, बाजाचं कोण धरणार?

मंडळीत तिला उसंत नसायची. एका रात्री कल्याणीची राणी, दुसऱ्या रात्री फेटा बांधून शिवशरण, आणि गुलबर्ग्याला दख्खनी खेळ लागला की कमरेला तलवार लावून शहजादा. त्या दिवशी पहाटे लिंगपूजा उरकून ती अंकुशरावांबरोबर हुमनाबादहून मोटारीनं निघाली होती, आणि दिवे लागायच्या आत परत जाऊन राणीचा शालू नेसायचा होता. मध्ये हे तबकडीचं काम. खेळात राणी दारोदार भाकरी मागत फिरते. ते पद रत्नम्मा लोकांचे डोळे भरून येईपर्यंत आळवायची. इथं आवाज टिपणाऱ्या भोंग्यापुढं ते तीन मिनिटांत कोंबायचं. वरचा सूर आला की साहेबाचा माणूस तिचे खांदे धरून मागं ओढी, खालचा आला की पुढं ढकली. घाण्याच्या बैलाला बरं, त्याला निदान गायचं नसतं, असं तिच्या मनात आलं. तरी तिनं पद असं म्हटलं की मुनशीनं पान चघळायचं थांबवलं.

शेवटचा सूर टेकला. तिनं नावासाठी श्वास घेतला. तेवढ्यात अंकुशरावांनी कोपरानं तिला बाजूला सारलं, भोंग्यात तोंड घातलं आणि दणक्यात म्हणाले, "अंकुशराव भालकीकर संगीत मंडळी."

साहेबानं हात वर केला. झालं.

रत्नम्मानं मुनशीला विनवलं की पुन्हा एकदा घ्या. मुनशी म्हणाला, आवाज साफ आला आहे, चांगली ताटली कोण फुकट घालवील.

परतीच्या मोटारीत ती हळूच म्हणाली, "अण्णा, माजं नाव कामून सांगू दिलं न्हाई?"

अंकुशरावांचं उत्तर तयार होतं. मंडळी त्यांची, तर नावही मंडळीचं. तिचं नाव गावोगाव वाजलं की उद्या सोलापूरचा कुणी मंडळीवाला तिला पळवायला दारात गाडी उभी करील. "अन् काय गं," ते म्हणाले, "बाईमाणसाचं नाव चव्हाट्यावर कशाला पायजे?"

रोज रात्री तिला रंग फासून चव्हाट्यावर उभं करणारा माणूस हे सांगत होता. तिच्या घशाशी आलेलं तिनं गिळलं. संध्याकाळी खेळ होता, आणि रागानं गळा बसतो हे तिला ठाऊक होतं.

सुगीच्या दिवसांत तबकड्या आल्या. कागद केवढासा, त्यावर एवढं लांबलचक नाव कसं मावणार? कारखान्यातल्या माणसानं शेपूट छाटलं होतं. संगीत नाही, मंडळी नाही. गाणार, अंकुशराव भालकीकर.

पुरुषांनी लुगडी नेसून नायिका करायचा तो काळ. बाईच्या गळ्यानं गाणारा पुरुष, यात कुणाला नवल वाटलं नाही. उलट बिदरपासून कल्याणीपर्यंत एकच बोलबाला झाला, काय गळा आहे हो भालकीकरांचा! अंकुशराव पहिले चार दिवस ओशाळले. पाचव्या दिवशी कुणा देशमुखानं शाल पांघरली, आणि शालीची ऊब अंगाला लागली. मग ते गळ्याभोवती मफलर गुंडाळू लागले. मिऱ्याचा काढा घेऊ लागले. ताक पुढं आलं की हात आडवा करून म्हणायचे, नको, गळा सांभाळावा लागतो.

मंडळीत राजूबाई म्हणून होती. दासीची कामं करायची आणि रत्नम्माला रंगवायची. ती म्हणाली, "अक्का, अंडं तुमी दिलाव, अन् कोंबडा खुडूक बसलाय." सगळी हसली. रत्नम्माला हसू आलं नाही. तबकड्या खपल्या म्हणून मुनशीचा सांगावा आला की जत्रेच्या सुमाराला आम्ही पुन्हा गुलबर्ग्याला येतो, आणखी गाणी द्या. सांगावाही अंकुशरावांच्याच नावानं. ते तिला म्हणाले, जाऊ दोघं. जशी ती त्यांची पेटी उचलायला जाणार होती.

हुमनाबादला वीरभद्राची जत्रा भरली. निर्ण्याचा ग्यानबा बैल विकायला आला होता, तो तंबूमागं तिला भेटायला आला. तिनं आधी पाटलाच्या फोनोचं विचारलं. ग्यानबा भोळा माणूस. व्हय व्हय, वाजली की तबकडी, म्हणाला. अख्खं गाव चावडीपुढं. गंगव्वाला कमरेचं दुखणं, तरी काठी टेकत आली, पायरीला टेकून बसली, आणि पद संपलं तरी हलेना. शेवटी पुरुषाचा आवाज आला तेव्हा उठली.

"काय म्हणली?"

"म्हणली, त्या माणसाचा गळा लई ग्वाड हाय. आमच्या पोरीसारखा."

ग्यानबाला वाटलं, ही हसेल. रत्नम्मानं खाली बघितलं. तिच्या हातातल्या खेळाच्या बांगडीचे दोन तुकडे झाले होते, आणि कधी झाले ते तिला कळलं नव्हतं. म्हातारी शेवटपर्यंत कशाला बसून राहिली होती, हे कुणी सांगायला नको होतं. आई नाव घेणार नव्हती. पण ऐकायला आली होती. आणि तिला काय ऐकवलं? या खोकडाचा घोगरा आवाज. राग आजवर ती गिळत आली होती. आता तो पोटात राहीना.

त्या संध्याकाळी पहिल्या खुर्चीवर तहसीलदारसाहेब बसले होते. खेळ सुरू व्हायच्या आत त्यांनी अंकुशरावांना पुढं बोलावून सर्वांसमक्ष सांगितलं, "भालकीकर साहब, वो रोटीवाला गाना पहले आपके मुँह से सुनना है."

मागं जत्रा उसळली. गाणं, गाणं!

अंकुशराव रंगपटात आले ते घामानं निथळत. त्यांनी बेत सांगितला. आपण शाल पांघरून उजेडात बसायचं, तोंड हलवायचं; रत्नम्मानं पडद्याआडून गायचं. पेटीवाल्या ईरण्णाला सांगून झालं होतं. तहसीलदाराला नाही म्हणून उद्या जत्रेत तंबू ठोकायला जागा कोण देईल? रत्नम्मा कपाळावर विभूती रेखत होती. ती रेखतच राहिली. बाई गप्प म्हणजे कबूल, असा त्यांचा आजवरचा अनुभव.

ते जाऊन बसले. ईरण्णानं सूर धरला, पदाची चाल वाजवली, आणि जागेवर येऊन थांबला. अंकुशरावांनी तोंड उघडलं.

काही आलं नाही.

ईरण्णानं पुन्हा चाल वाजवली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तळ्यातून काढलेल्या माशासारखं. मागं कुणी शीळ घातली. खोकल्याचं निमित्त करून अंकुशराव पडद्यापाशी आले.

"रत्नम्मा, काय करायलीस? अब्रू जायली."

"कुणाची?"

"माजी!"

"मग तुमीच गावा."

ते दात खाऊन पुटपुटले, हात जोडले, मंडळीवर पंधरा घरं खातात याची आठवण दिली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बोलली तेव्हा आवाज चढला नव्हता, पण राजूबाई दोन पावलं मागं सरकली.

"माजी माय कमर मोडून चावडीवर बसली. माजं नाव ऐकाया. तिच्या कानात तुमी तुमचं नाव वतलाव. आता त्याच तोंडानं जत्रेपुढं सांगा, गळा कुणाचा हाय. बापाच्या नावासकट, गावासकट. मग गाते. न्हाईतर बसा तोंड हलवत."

"आगं, उद्या सांगतो."

"ईरण्णा," ती पडद्याआडूनच म्हणाली, "हात काढ पेटीवरला."

ईरण्णानं हात काढला.

अंकुशराव पुढं गेले. म्हणाले, मायबाप, हे पद आमच्या मंडळीतल्या एका बाईनं म्हटलेलं आहे. लोक हसले. चेष्टा वाटली त्यांना. अंकुशरावांनी मागं वळून बघितलं. ती तशीच उभी. एक बाई म्हणून भागणार नव्हतं.

"रत्नम्मा," ते म्हणाले.

"ऐकू यीना," मागून कुणी ओरडलं.

"रत्नम्मा! सिद्धलिंगप्पाची लेक. गाव निर्णा." आणि मफलर सैल करून ते खाली बसले, कुणी खुंटी काढून घेतल्यासारखे.

ती पुढं आली. पद भाकरी मागण्याचं, पण त्या दिवशी तिनं मागितली नाही; आपलं चोरलेलं परत करा म्हणून दारात उभं राहावं तशी गायली. वरच्या सुराला तिला कुणी मागं ओढलं नाही. तंबूच्या काठ्या थरथरल्यासारख्या वाटल्या. कंदिलाखालच्या म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या, त्या आज ताठ बसल्या. पद संपलं.

मग तहसीलदारसाहेबांनी मान हलवली. शेजारच्या वकिलाकडं झुकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई अच्छा गाती है. मगर भालकीकर साहब की रिकॉर्ड में जो दर्द है, वो बात कहाँ."

वकील व्हय म्हणाला. पाठीमागच्या दोन रांगा व्हय म्हणाल्या. आणि अंकुशरावांनी, अजून जमिनीवरच बसलेल्या अंकुशरावांनी, सवयीनं दोन्ही हात जोडून तो मान घेतला.

रत्नम्मानं तो रात्रीचा खेळ पुरा केला. राणी झाली, दारोदार फिरली, भाकरीचं पद मात्र पुन्हा म्हटलं नाही. तिथं नुसतं बोलून पुढं गेली. रंग पुसताना तिनं राजूबाईला सांगितलं, सकाळी गुलबर्ग्याच्या मोटारीत जागा धर. मुनशी बंगल्यात उतरला आहे.

"दोन जागा?"

"एक."

राजूबाई घुटमळली. "अन् सांजच्या खेळाला, अक्का? राणी कोण?"

"अंकुशराव गातील की," रत्नम्मा म्हणाली. "साऱ्या मुलखाला त्यांचाच गळा ग्वाड लागायलाय."