न तपासलेली माती

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘काटेकोर’ म्हणायचे. दशांशाचा आकडाही तो दोनदा पडताळून बघायचा. थोरल्या बहिणीचा फोन आला, "मक्याची पानं पांढरी पडतायत, एकदा येऊन बघ," तेव्हा तो रविवारी सकाळीच निघाला.

रोपं गुडघ्याएवढीच राहिली होती. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे होते.

"स्फुरद कमी पडू दिलं नाहीये हं मी," ताई म्हणाली. "तीन वर्षं तू लिहून दिलंस तेवढं खत पेरणीबरोबर टाकतेय. शिवाय शेणखत आहेच, कापणीनंतरची धाटंही शेतातच कुजवते."

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर तिने तो अहवाल प्लास्टिकमध्ये घालून लावला होता. ‘उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) : अत्यंत कमी.’ खाली त्याची सही.

सही बघून त्याला ते आठवलं. तीन वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर नमुन्यांचा ढीग लागला होता. घाईत ताईच्या मातीची नळी त्याच्या हातून सांडली. पुन्हा माती कुटा, चाळा, अर्धा दिवस जाणार. आसपासच्या शेतांत स्फुरद कमीच निघत होतं, म्हणून त्याने शेजारच्या शेताचा आकडा तिच्या कागदावर उतरवला. घरचंच तर काम आहे, असं मनाशी म्हणाला आणि विसरूनही गेला.

जाताना त्याने शेतातली माती बरोबर नेली आणि सोमवारी स्वतः तपासली. स्फुरद जितकं जास्त, तितका नळीतला रंग गडद निळा होतो. हा रंग शाईसारखा होता. दोनदा पातळ करून मोजलं, तर गरजेच्या चौपट स्फुरद. शेणखत आणि धाटांनी तिच्या मातीत ते आधीच मुबलक साठलेलं असणार. स्फुरद सहसा वाहून जात नाही, त्यात तीन वर्षं वरून खताचा मारा. त्या अतिरेकापायी पिकाला जस्त घेता येईना. पांढरे पट्टे जस्ताच्या कमतरतेचेच होते.

‘माती बदलली’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ताईकडे परत जाताना बसमध्ये त्याने ते वाक्य घोकलंही. पण ताईने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि म्हणाली, "बोल, डॉक्टर. काय झालंय माझ्या पोरांना?"

"खत बंद कर," तो म्हणाला. "जस्ताची फवारणी कर. आणि ताई, तो अहवाल खोटा आहे. तुझी माती मी तेव्हा तपासलीच नव्हती."

तिने विचारलं, "दुसऱ्या कुणाचीही अशीच?"

"नाही. फक्त तुझी."

"म्हणजे माझी चालत होती."

तिने कपाटावरचा तो अहवाल काढून हातात घेतला.

"तुझ्या कागदावर भरवसा ठेवून मी मागच्या चार घरांना तेवढंच खत टाकायला लावलं," ती म्हणाली. "माझा भाऊ तिथे आहे म्हणून. त्यांना काय सांगू?"

"मी सांगतो."

"माझ्यासमोर सांग."

दोघं चारही घरी गेले. पहिल्या दारात त्याला शब्द सापडेनात, तरी ताईने मदत केली नाही. एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून फक्त दार लावून घेतलं. एका बाईने त्याला बसायला सांगितलं, ते त्याहून जड गेलं. चौघांचीही माती तो घेऊन आला आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांना घडलेलं लिहून दिलं. त्याला सहा महिने नमुने नोंदवण्याच्या खिडकीवर बसवलं.

फवारणीने ताईचा मका थोडा सावरला, पण पीक निम्मंच आलं.

पुढच्या पेरणीआधी ती खिडकीशी आली. त्याने हात पुढे केला. पिशवी मात्र तिने त्याच्या शेजारी बसलेल्या, माती तपासणाऱ्या बाईंकडे दिली.

"तुम्ही स्वतः बघाल ना?" तिने त्यांना विचारलं.

मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "जेवलास का?"

"हो," तो म्हणाला. अजून तो जेवला नव्हता.